ज्वारीचं वजन

ज्वारीचा शंभर किलो वाळलेला कडबा जाळला तर मागे आठ-दहा किलो राख उरते, कधी त्याहूनही कमी. त्या राखेत सिलिका असतं, पोटॅश असतं, चुना, थोडं स्फुरद, थोडं लोह. मातीनं दिलेला वाटा तो एवढाच. थोडं नत्र धुरातून निसटतं, तेही मातीचंच म्हणून धरू. बाकी सगळं वजन, ताटाचा कणखरपणा, पानांची लांबलचक पाती, कणसातला टपोरा दाणा, मातीतून आलेलं नसतं. ते आलेलं असतं हवेतून आणि पाण्यातून, आणि ते एकमेकांत बांधलेलं असतं उन्हानं.

शाळेत हे सगळ्यांनाच शिकवतात. कार्बन डायऑक्साइड, पाणी, हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, मग बाण, मग ग्लुकोज आणि ऑक्सिजन. मीही ते समीकरण पाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण त्या बाणाचा अर्थ असा होतो की समोर उभं असलेलं आठ फुटी पीक मुख्यतः हवेचं बनलेलं आहे, हे कितीतरी उशिरा आत उतरलं. एकदा उतरल्यावर मात्र मला दुसरं काही सुचेना.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. ज्वारीचं कोठार म्हणून या गावाची ओळख जुनी आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्या लोकांसाठी खुली केली ती कथा याच मातीतली. इथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हस्ताच्या पावसाच्या आगेमागे पेरणी करायची, मग आभाळाकडून फार काही मागायचं नाही. खोल काळ्या जमिनीनं जे पाणी पोटात धरून ठेवलेलं असतं त्यावर हे पीक थंडीभर वाढतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतं. ना पाट, ना मोटर. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. त्यावर माणसाला भाकरी आणि जनावराला वैरण, दोन्ही पुरवणारं हे पीक तिथले लोक जमिनीच्या खात्यावर जमा करतात. “आमची जमीनच तशी हाय,” हे मी मामांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले. ते खरंच आहे, पण त्यात जमिनीचा खरा गुण कोणता, हे सांगायचं राहून जातं.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी ब्रसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्ट फान हेल्माँट नावाच्या वैद्यानं हाच प्रश्न तराजूवर ठेवला होता. त्यानं भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं. वरून धूळ पडू नये म्हणून कुंडीला भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं 169 पौंड आणि काही औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त 2 औंसांनी कमी झालेली. दरवर्षी गळून गेलेल्या पानांचं वजन तर त्यानं धरलंच नव्हतं.

झाड मातीतून वर येतं म्हणजे ते मातीचंच बनतं, हा तोपर्यंतचा सगळ्या जगाचा समज होता. अरिस्टॉटलच्या काळापासून कुणी तो तपासलाच नव्हता. त्यासाठी पाच वर्षं थांबायची तयारी लागते आणि माती पुन्हा वाळवून तोलण्याचा चिवटपणा लागतो. हेल्माँटनं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तो अर्धाच बरोबर होता. मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढची आहे. याच माणसानं 62 पौंड कोळसा जाळून पाहिला होता. राख उरली 1 पौंड. उरलेले 61 पौंड कुठल्याशा अदृश्य, कोंडता न येणाऱ्या वायूच्या रूपात निघून गेले, हे त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं. म्हणजे लाकूड जळताना वायू होतो हे त्याला कळलेलं होतं, आणि लाकूड मातीतून येत नाही हेही त्यानं सिद्ध केलेलं होतं. दोन्ही वह्या एकाच माणसाच्या. फक्त त्या शेजारी ठेवून वाचायच्या राहिल्या. 1644 साली तो गेला, त्याचं लेखन मुलानं 1648 मध्ये छापलं, आणि त्या दोन वह्या जुळायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं जावी लागली.

जुळवणारे बरेच होते. 1771 च्या ऑगस्टमध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकानं मेणबत्ती विझून गेलेल्या बंद हवेत पुदिन्याची एक काडी ठेवली. 17 तारखेला ठेवली, 27 तारखेला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. पण हा प्रयोग पुढे कधी साधायचा, कधी फसायचा. का, ते उलगडलं 1779 मध्ये. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा डच वैद्य यान इंगनहाउस त्या उन्हाळ्यात लंडनजवळ एक घर घेऊन राहिला आणि त्यानं पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, सावलीत थांबतात, आणि ते फक्त हिरव्या भागावर येतात. म्हणजे मेख उन्हात होती. मग सेनेबिए, ज्यानं कार्बन डायऑक्साइडचा वाटा दाखवला, मग 1804 मध्ये द सोस्यूर, ज्यानं पाण्याचाही हिशेब त्यात बसवला. तिथून पुढचं सगळं काम एकाच प्रश्नाचं होतं: पानाच्या आत नेमकं घडतं काय?

आत जे घडतं ते मला कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं, आणि ते रोज सकाळी घडतं. सूर्यावरून निघालेला प्रकाश साधारण 8 मिनिटं 20 सेकंदांनी पानावर पडतो. हरितद्रव्य त्यातला निळा आणि तांबडा भाग जास्त पकडतं, हिरवा बराचसा परत सोडतं, म्हणून रान हिरवं दिसतं. त्या पकडलेल्या प्रकाशानं पान पहिलं काम करतं ते पाणी फोडण्याचं. पाणी हा विलक्षण घट्ट बांधलेला पदार्थ आहे. प्रयोगशाळेत तो फोडायचा तर वीज खर्च करावी लागते. पान ते मॅंगेनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, एवढ्या छोट्या जुळणीवर करतं, घरातल्या तापमानाला, आवाज न करता. फुटलेल्या पाण्यातला हायड्रोजन कामाला येतो, ऑक्सिजन नकोसा म्हणून बाहेर सोडला जातो. आपण श्वासात घेतो तो हाच. तो कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, पाण्यातला असतो. हे 1941 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या सॅम रूबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरून दाखवून दिलं. त्याआधी वर्षभर, 1940 च्या फेब्रुवारीत, रूबेन आणि केमेन यांना कार्बन-14 हा किरणोत्सर्गी कार्बन सापडला होता. रूबेन 1943 मध्ये युद्धकाळातल्या विषारी वायूच्या संशोधनात झालेल्या अपघातात गेला. वय 29. पानानं घेतलेला कार्बन पुढे कुठे जातो हे शोधायचं स्वप्न त्याचं होतं, आणि त्यासाठी लागणारा मागमूस देणारा कार्बनही त्यानंच हाती दिला होता.

युद्धानंतर ते काम मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी केलं. चपट्या काचपात्रात हिरवं शेवाळ, त्याला प्रकाश, त्यात कार्बन-14 असलेला वायू सोडायचा आणि काही सेकंदांत शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये ओतून तिथल्या तिथे थांबवायचं. मग आतले पदार्थ कागदावर वेगळे करून पाहायचं की खुणेचा कार्बन पहिल्यांदा कुणाच्या अंगावर दिसतो. तो दिसला तीन कार्बनच्या एका आम्लात. तिथून साखरेपर्यंतची फिरती साखळी त्यांनी एकेक कडी करून उलगडली. 1961 चं नोबेल एकट्या कॅल्विनला मिळालं. बेन्सनचं नाव त्यात असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मातीचा वाटा छोटा असला तरी कुठे लागतो ते इथे दिसतं. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. पाणी फोडायला मॅंगेनीज लागतं. प्रथिनांना नत्र, ऊर्जेची ने-आण करायला स्फुरद. सुताराच्या घरी करवत, रंधा बाजारातून येतात आणि लाकूड वखारीतून, तसं पिकाचं आहे. मातीकडून अवजारं येतात, माल येतो हवेतून. अवजार नसेल तर ढीगभर माल पडून राहतो. म्हणून पानं पिवळी पडली की शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो, आणि तो होणं रास्तच आहे.

आता खरी अडचण. हवेत कार्बन डायऑक्साइड आहे किती? दहा हजार रेणूंत चार. इतक्या विरळ मालासाठी पानाला आपली दारं उघडी टाकावी लागतात. ज्वारीच्या पानावर एका चौरस मिलिमीटरात शंभराच्या आगेमागे पर्णरंध्रं असतात. ती उघडली की कार्बन आत येतो, पण पानाच्या आतला ओलावा त्याच दारानं बाहेर पडतो. आत हवा जवळजवळ दमट-ओली, बाहेर सोलापूरची कोरडी दुपार. कार्बनच्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू उडून जातात. मुळांनी शोषलेल्या पाण्यातलं 97 टक्क्यांहून अधिक पाणी असंच जातं. पिकाच्या अंगात राहतं ते अगदी थोडं.

पिकाला पाणी लागतं ते पिण्यासाठी, असं आपण सहज समजतो. त्यातलं बहुतेक पाणी हवा विकत घेण्याची किंमत म्हणून खर्च होतं. माझ्या लेखी या सगळ्या विषयाचा गाभा हा आहे. दुष्काळी मुलुखात पान उपाशी राहतं ते पाण्याच्या तहानेनं दारं मिटून घ्यावी लागतात म्हणून. ऊन भरपूर, हवा भरपूर, पण दार उघडायची सोय नाही.

आणि हा भाव सगळ्या पिकांना सारखा पडत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या अ‍ॅक्रन या कोरड्या गावी ब्रिग्ज आणि शँट्झ या दोन संशोधकांनी शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डब्यांत पिकं वाढवून, प्रत्येकानं किती पाणी घेतलं आणि किती वाळलेलं वजन दिलं, हे तोलून काढलं. एक किलो वाळलेल्या वजनामागे ज्वारीला सुमारे 300 किलो पाणी लागलं, गव्हाला 500 च्या वर, आणि आपण दुभत्या जनावरांना घालतो त्या लसूणघासाला 800 हूनही जास्त. हे आकडे जागेगणिक आणि हंगामागणिक हलतात, पण क्रम हलत नाही. ज्वारी एवढी काटकसर करते कशी, याचं उत्तर मात्र त्या दोघांच्या हातात नव्हतं. ते मिळालं उसाकडून.

हवाई बेटांवर उसाच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कॉर्टशाक आणि त्याचे सहकारी कार्बन-14 घेऊन कॅल्विनचाच प्रयोग उसाच्या पानावर करत होते. त्यांना खुणेचा कार्बन पहिल्यांदा तीन कार्बनच्या आम्लात दिसेना. तो दिसायचा चार कार्बनच्या आम्लांत. 1965 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी ते हाती घेऊन पुढच्या वर्षापासून सगळी वाट शोधून काढली. रशियात कार्पिलोव्हला मक्यात असंच काही आधी दिसलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

गोष्ट अशी आहे. हवेतला कार्बन पकडून साखरेच्या साखळीत बसवणारं जे प्रथिन आहे, रूबिस्को, ते जगातल्या सगळ्यात विपुल प्रथिनांपैकी आहे आणि कामाला विलक्षण मंद. सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू. त्यात त्याची एक खोड आहे: ते कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनच पकडतं. ते घडलं त्या काळात हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, त्यामुळे ओळखायची गरज पडली नसावी. आता हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन आहे, आणि उष्णता वाढली की ही चूक वाढते. चुकीचं पकडलेलं सोडवण्यात आधी कमावलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. गहू, भात, तूर, हरभरा, कपाशी, करडई, सगळी पिकं हा तोटा सोसत जगतात.

ज्वारीनं, उसानं, मक्यानं, बाजरीनं, नाचणीनं यावर वाट काढली आहे. त्यांच्या पानात शिरांभोवती मोठ्या, गच्च पेशींचं एक कडं असतं. पान उजेडाकडे धरलं तर त्या शिरा दाट, एकमेकींलगत दिसतात त्या याचमुळे. बाहेरच्या पेशींत एक दुसरं प्रथिन कार्बन पकडतं, जे ऑक्सिजनला कधीच फसत नाही आणि अगदी विरळ हवेतूनही कार्बन ओढून घेतं. तो चार कार्बनच्या आम्लात बांधून आतल्या कड्यात पोचवला जातो, तिथे सोडला जातो, आणि तिथे बसलेल्या रूबिस्कोच्या भोवती कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते की त्याला चूक करायला वावच उरत नाही. या ने-आणीला जास्तीची ऊर्जा लागते, पण ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. फायदा असा की रंध्रं थोडीशीच किलकिली ठेवून भागतं. पाणी वाचतं. जगातल्या वनस्पतींच्या जातींत असं करणाऱ्या जाती जेमतेम तीन टक्के, पण जमिनीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा पाव हिस्सा त्या करतात. आणि ही युक्ती निसर्गात एकदा नाही, साठहून अधिक वेळा वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडली. राजगिरा आणि माठ गवतं नाहीत, तरी त्यांच्या पानांत तीच रचना आहे.

मंगळवेढ्याच्या जमिनीचा गुण आता मला नीट सांगता येतो. ती पिकाचं वजन देत नाही. हवा विकत घेण्यासाठी लागणारं पाणी ती धरून ठेवते, महिनोन्‌महिने, मीटर-दीड मीटर खोलवर. आणि शेतकरी ते जपतो. थंडीत काळी जमीन भेगाळायला लागली की मामा कोळपं घालतात. भेगा बुजतात, वरचा थर भुसभुशीत होतो, खालची ओल उडायची थांबते. “एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी,” असं तिकडे म्हणतात. मी हे सगळं रंध्रांचं, कार्बनचं मामांना बांधावर बसून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंजी रान नुसतं पानी सांभाळतंय आन पीक वरनं येतंय. बरोबर हाय की गं. पाऊस पडून बी ढगाळ हवा ऱ्हायली की दाना भरत न्हाई, ते उगंच व्हय?” इंगनहाउसच्या पाचशे प्रयोगांचं सार त्यांनी आपल्या अनुभवातून आधीच काढून ठेवलेलं होतं.

उसाबद्दल इथे बोलायलाच हवं, कारण सोलापूर जिल्ह्यात त्याशिवाय शेतीचं बोलणं पुरं होत नाही. भीमेवर उजनीचं धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि कालव्याच्या कडेनं ऊस पसरत गेला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर मोडतो. ऊस पाणीखाऊ आहे असं आपण म्हणतो, आणि एकरी हिशेबात ते बरोबरच आहे. पण पानापुरतं पाहिलं तर ऊस उधळा नाही. ज्वारीचीच काटकसरी यंत्रणा त्याच्याही पानात आहे. फरक आहे तो मुक्कामाचा. मालदांडी चार-साडेचार महिन्यांत रान मोकळं करते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, ऐन एप्रिल-मेच्या भट्टीतसुद्धा रंध्रं उघडी ठेवून, आणि एकरी कितीतरी पट वजन तयार करतो. एवढं वजन म्हणजे तेवढ्या पटीत पाणी. त्यात पिकाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलुखात अठरा महिने उभं राहणारं पीक लावायचं, हा निर्णय माणसांचा, धोरणांचा आणि हमखास पैसा कुठे मिळतो याचा आहे. ज्वारी विकून लग्न-शिक्षण निभत नाही, उसावर निभतं, हे मी आजोळी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ऊस लावणाऱ्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण टँकरमागे हंडे घेऊन पळणाऱ्या बायकाही मी त्याच तालुक्यांत पाहिल्या आहेत. खोल पाण्याच्या शोधात बोअर घेत जाणारं रान आणि ओलीवर येणारं रान शेजारी-शेजारी असतात, आणि मला ओलीवरच्या रानाची काळजी जास्त वाटते, कारण ते आपली बाजू मांडायला कुठेच जात नाही.

याहूनही कंजूष झाडं बांधावर असतात. निवडुंग, घायपात. त्यांनी दिवसा दार उघडायचंच सोडून दिलं आहे. ती रात्री, हवा गार आणि दमट असताना रंध्रं उघडतात, कार्बन आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात, आणि सकाळी दारं लावून घेऊन उन्हाच्या जोरावर आतल्या आत त्याची साखर करतात. याचा पहिला सुगावा लागला तो चवीवरून. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात काम केलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1815 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात लिहिलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. आपल्याकडे कुंडीकुंडीतून असणारी, पानाच्या कडेनं रोपं फुटणारी तीच पानफुटी. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा उन्हात खर्ची पडतं. केवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला एका माणसानं एकाच झाडाचं पान दिवसातून तीनदा चाखून बघावं लागलं.

त्याच बांधावर, पायाखाली, घोळ असते. आपण भाकरीबरोबर डाळ घालून करतो ती घोळीची भाजी. हिच्या पानात ज्वारीची रीतही आहे आणि निवडुंगाचीही. पाणी असेल तेव्हा ती ज्वारीसारखी वागते, ताण पडला की रात्रीचीही दारं उघडायला लागते. 2022 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की या दोन्ही रीती एकाच पानातल्या त्याच पेशींत एकमेकींत मिसळलेल्या आहेत. असं शक्य नाही असंच बराच काळ मानलं जात होतं. जिला आपण तण म्हणून खुरपून टाकतो तिच्याबद्दल एवढं वाचल्यावर मी बराच वेळ त्या पानावरून नजर काढू शकले नाही.

आणि टारफुला. ज्वारीच्या रानात ही नाजूक फुलांची रोपटी दिसली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. टारफुला ज्वारीच्या मुळाला जमिनीखालीच चिकटतो आणि वर डोकं काढण्याआधी कित्येक दिवस तिच्या कमाईवर वाढतो. बाहेर आला की हिरवा होतो, थोडं स्वतःचंही अन्न करतो, पण तोवर ज्वारी खुरटलेली असते. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. उन्हावर स्वतः कमावणं हे वनस्पतीलाही सोपं नसतं, म्हणून चोरी परवडते.

दाण्याकडे येते. कणीस निसवलं की वरची पानं जी साखर बनवतात ती नळ्यांतून दाण्यात उतरायला लागते. दाणा दुधात असतो, मग चिकात येतो, मग टणक होतो. चिकातला दाणा म्हणजे हुरडा. तो गोड का लागतो, तर पानातून आलेल्या साखरेचं अजून पुरतं पीठ झालेलं नसतं. चार-आठ दिवस उशीर केला की तीच साखर लांबलचक साखळ्यांत जोडली जाते आणि गोडी जाते, भाकरीचं पीठ येतं. म्हणून हुरड्याचे दिवस इतके मोजके. गूळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, चोळून, पाखडून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाताना आता माझं लक्ष आगटीकडेही जातं. गोवरी शेणाची, शेण कडब्याचं, कडबा हवेचा. पानानं बांधलेलं जे काही होतं ते त्या निखाऱ्यात सुटत असतं, ऊन उष्णता होऊन परत येतं, कार्बन जिथून आला तिथे जातो, आणि मागे राहते ती राख. आमची आजी तीच राख भांडी घासायला ठेवायची. हुरडा खाणाऱ्यांच्या पोटातही तेच चाललेलं असतं, फक्त जाळ दिसत नाही, आणि कार्बन आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडतो.

ज्वारीची ही रीत भातात आणता येईल का, यासाठी फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकारानं 2008 च्या सुमारास एक मोठा प्रकल्प सुरू झाला. वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ त्यात आहेत. काम अजून चालू आहे, कारण नुसतं एखादं प्रथिन बसवून भागत नाही, पानाची सगळी अंतर्रचनाच बदलावी लागते. ते साधलं तर कोट्यवधी लोकांच्या ताटात फरक पडेल, आणि ते साधावं असं मला फार वाटतं. इकडे मात्र ज्याच्या पानात ही रचना आयती आहे ते पीक महाराष्ट्रात वर्षागणिक कमी पेरलं जातं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात ज्वारीचे कुकीज मिळायला लागले, पुण्याच्या बाजारात मालदांडीचा दर चढला.

मामांना विचारलं तर ते दराचं बोलत नाहीत, माणसांचं बोलतात. मालदांडी उपटून काढावी लागते. यंत्रानं कापली तर कडब्याची नासाडी होते, आणि कडब्यावरच तर घरची जनावरं उभी आहेत. दिवसभर वाकून ताटं उपटायला, पेंढ्या बांधायला, कणसं मोडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि जे मिळतात तेही ऊसतोडीला गेलेले असतात. कडबा न नासवता मुळासकट ताट उपटणारं, छोट्या रानात फिरणारं, परवडणारं यंत्र कुणी केलं तर पुन्हा सगळं रान ज्वारीखाली घालीन, असं ते म्हणतात. यंदा हस्त बरा झाला. त्यांनी चार एकरांत मालदांडी पेरली आहे, आणि उपटणीसाठी शेजारच्या तीन घरांशी इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून राबायचं, ठरवून ठेवलं आहे.